सोयरिकी, पेढ्या आणि फ्लॉरेन्सची सत्ता

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील फ्लॉरेन्स नगरात विवाह ही केवळ दोन घरांची बाब नव्हती. कोणत्या कुळाची कन्या कोणत्या कुळात दिली, हुंडा किती ठरला आणि मध्यस्थी कोणी केली, यांवरून नगरातील जाणती माणसे पुढील राजकारणाचा अदमास बांधीत. १४२५ साली तर नगरशासनाने स्वतःच हुंड्याची एक ठेवयोजना काढली. मुलगी लहान असताना बापाने सरकारी खजिन्यात रक्कम गुंतवावी, युद्धखर्चाने पोखरलेल्या त्या खजिन्याला तिचा आधार व्हावा, आणि मुलीचे लग्न झाल्यावर वाढलेली रक्कम जावयाच्या हाती पडावी, अशी ती तजवीज होती. सोयरीक, सावकारी आणि राज्यकारभार ही सूत्रे ज्या नगरात इतकी एकमेकांत गुंतली होती, तेथील सत्तासंघर्ष जाणून घ्यावयाचा तर त्या गुंत्याचेच मोजमाप केले पाहिजे, हे उघड वाटते. परंतु ते प्रत्यक्षात करून पाहण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तसेच राहिले होते.

फ्लॉरेन्स हे नावाने गणराज्य होते. सिन्योरिया नामक नऊ जणांचे मंडळ कारभार पाही, त्याची मुदत अवघी दोन महिन्यांची असे, आणि सभासदांची नावे थैलीतून चिठ्ठ्या काढून ठरत. अर्थात थैलीत कोणाच्या नावाची चिठ्ठी पडावी, हाच खरा प्रश्न होता. १३७८ मध्ये लोकरीच्या धंद्यातील गरीब कामगारांनी बंड करून काही काळ सत्ता हाती घेतली, आणि ते बंड मोडल्यानंतर, १३८२ पासून, अल्बित्सी कुळाच्या पुढाकाराने जुन्या धनाढ्य घराण्यांचा वचक बसला. बंडाच्या वेळी मेडिची कुळातील एका पुढाऱ्याने या घराण्यांविरुद्ध बाजू घेतली असल्यामुळे पुढे कित्येक वर्षे मेडिचींकडे संशयाने पाहिले जाई. जोवान्नी मेडिचीने १३९७ मध्ये पेढी घातली, पोपच्या दरबाराची उलाढाल मिळवली आणि अमाप संपत्ती जोडली. तरी स्वतःच्याच पेठेतील प्रतिष्ठितांच्या घरी त्याच्या कुळाला सोयरीक मिळणे दुर्घट होते. ही उपेक्षा पुढे अल्बित्सींनाच महागात पडली.

जोवान्नी १४२९ मध्ये वारला आणि कुळाची धुरा त्याचा पुत्र कोझिमो याच्याकडे आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या लुक्काच्या युद्धात नगराचा पैसा पाण्यासारखा गेला, हाती काही लागले नाही, आणि अपयशाचा दोष एकमेकांच्या माथी मारण्याच्या धडपडीत दोन तट पडले. १४३३ च्या उन्हाळ्याअखेर सिन्योरियाच्या प्रमुखपदी बेर्नार्दो ग्वादान्यी आला. करांच्या थकबाकीमुळे तो त्या पदास अपात्र ठरला असता. परंतु अल्बित्सींचा प्रमुख रिनाल्दो याने ती थकबाकी भरून टाकली होती. ७ सप्टेंबरला कोझिमोला सिन्योरियाच्या वाड्यात बोलावून मनोऱ्यातील कोठडीत डांबण्यात आले. त्याने आतूनच ग्वादान्यीला सुमारे हजार फ्लोरिन पोहोचवले, देहदंडाऐवजी हद्दपारीचा हुकूम झाला, आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी तो पादुआच्या वाटेने निघून पुढे व्हेनिसला राहिला. धनी हद्दपार झाला, पण त्याचा पक्ष विस्कळीत झाला नाही. पुढील वर्षभर या पक्षाने जो धीर धरला, तो मला कोझिमोच्या धूर्तपणाच्या सर्व आख्यायिकांपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो.

१४३४ च्या सप्टेंबरात थैलीतून मेडिचींना अनुकूल अशी सिन्योरिया निघाली. आता कोझिमो परत येणार हे ओळखून रिनाल्दोने २६ सप्टेंबरला आपल्या पक्षाला सशस्त्र जमण्यास सांगितले. पहिल्या तासाभरात पुरेशी माणसे आली असती तर वाडा हस्तगत होऊ शकला असता, असे मानण्यास जागा आहे. परंतु माणसे तुकड्यातुकड्यांनी आली, काही आलीच नाहीत, आणि चर्चेत दिवस सरला. १४२७ च्या करपत्रकात नगरातील सर्वांत धनाढ्य म्हणून नोंदलेला पाल्ला स्ट्रोत्सी याच्यावर रिनाल्दोची मोठी भिस्त होती; पाल्ला आला तो जवळजवळ एकटा, आणि दोन शब्द बोलून घरी परतला. जोवान्नी ग्विच्चार्दिनीने निरोप धाडला, की आपला भाऊ पिएरो मेडिचींचा पक्षपाती आहे, त्याला घराबाहेर पडू न देणे हेच आपण केलेले साह्य समजावे. अखेर नगरात मुक्कामाला असलेल्या पोप चौथ्या युजीनने मध्यस्थी केली, रिनाल्दोने शस्त्रे खाली ठेवली, आणि अल्पावधीतच कोझिमोला सन्मानाने बोलावण्यात आले. रिनाल्दो हद्दपार झाला, आणि ऐन प्रसंगी मागे राहिलेला पाल्लाही हद्दपार झाला.

या घटनेचा उलगडा पूर्वी बहुधा दोन प्रकारांनी केला जाई. एक मत असे, की कोझिमो हा नवश्रीमंतांचा व सामान्यांचा कैवारी आणि अल्बित्सी हे जुन्या कुलीनांचे प्रतिनिधी. दुसरे असे, की सारा खेळ कोझिमोच्या बुद्धीचा आणि पैशाचा. १९७८ मध्ये डेल केंट या विदुषीने पत्रे, रोजनिशा आणि सरकारी दप्तरे धुंडाळून दोन्ही पक्षांतील कुळांची, त्यांच्या नात्यागोत्यांची आणि व्यवहारांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर ॲन्सेल या दोन राज्यशास्त्रज्ञांनी मुख्यतः तिच्याच आधारे ९२ कुळांमधील नऊ प्रकारचे संबंध, म्हणजे विवाह, व्यापार, भागीदारी, पेढीवरील नोकरी, जमीनजुमल्याचे व्यवहार, आश्रय, कर्ज, मैत्री आणि जामीनकी, संगणकाच्या साह्याने तपासले आणि आपला निष्कर्ष १९९३ मध्ये मांडला. प्रथम त्यांना आढळले ते हे, की संपत्ती पाहिली किंवा कुळाचे जुनेपण पाहिले, तरी दोन्ही तटांत सर्व प्रकारची माणसे होती. केवळ या गुणांवरून कोण कोणाकडे जाईल हे सांगता येत नव्हते. भेद होता तो संबंधांच्या रचनेत.

अल्बित्सींच्या बाजूची कुळे एकमेकांशी दाट सोयरिकींनी बांधलेली होती, आणि त्यांत तुल्यबळ असे अनेकजण होते. वरकरणी ही बळकटी वाटते. परंतु ज्याचे नाते सर्वांशी आहे, त्याला कोणा एकाच्या हाकेला धावताना दुसऱ्या चौघांच्या मर्जीचा विचार करावा लागतो, आणि ग्विच्चार्दिनींच्या घरात तर दोन तटांची सीमारेषा दोन भावांमधूनच गेली होती. २६ सप्टेंबरच्या त्या विलंबाचे मूळ भित्रेपणात न शोधता या रचनेत शोधावे, असे या अभ्यासाचे सांगणे आहे, आणि ते मला पटते. मेडिचींचे चित्र अगदी निराळे होते. त्यांच्या सोयरिकी इतर पेठांतील कुलीनांशी होत्या. कोझिमोची पत्नी कोंतेस्सिना ही आर्नो नदीपलीकडच्या बार्दी कुळातील. व्यापारी संबंध मात्र त्यांनी स्वतःच्या सान जोवान्नी पेठेतील नव्या माणसांशी ठेवले होते. कुलीन आणि नवे यांचा परस्परांशी फारसा संबंध नव्हता, किंबहुना एकमेकांविषयी तुच्छताच होती. दोघांनाही जोडणारे एकच कुळ होते. चाकाच्या आऱ्या जशा तुंब्यापाशीच मिळतात, तसा तो पक्ष मेडिचींपाशी मिळे. त्यामुळे हुकूम एकाच ठिकाणाहून निघे, आणि तो डावलून आपसांत संगनमत करण्याची सोय अनुयायांना नव्हती.

याच सामग्रीतून निवडलेल्या १६ कुळांच्या विवाहसंबंधांचा एक लहान आराखडा आज संबंधजालांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना हटकून शिकवला जातो. मेडिची सोडून उरलेल्यांपैकी कोणतीही दोन कुळे घ्यावीत आणि सोयरिकींच्या साखळीने एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधावा; असे मार्ग सरासरीने निम्म्याहून अधिक वेळा मेडिचींच्या दारावरून जातात. स्ट्रोत्सींच्या बाबतीत हेच प्रमाण जेमतेम एक दशांश भरते, आणि संपत्ती तर स्ट्रोत्सींचीच अधिक होती. मात्र त्याच आराखड्यात मेडिची आणि अल्बित्सी यांच्यातही विवाहाची एक रेषा आहे, हे विसरता कामा नये. रेषा वाट दाखवते. त्या वाटेने कोण कोणत्या हेतूने चालले, हे पत्रे वाचूनच ठरवावे लागते.

ही रचना कोझिमोने योजून केली काय? अभ्यासकांचे उत्तर नकारार्थी आहे, आणि येथेच हा विषय मला अत्यंत मननीय वाटतो. पेठेतील उच्चकुलीनांनी सोयरीक नाकारली म्हणून मेडिची दूरच्या पेठांत गेले. शेजारच्या नव्या व्यापाऱ्यांशी सोयरीक करणे त्यांना कमीपणाचे वाटले म्हणून तेथे केवळ व्यवहार राहिला. दोन पिढ्यांच्या या नकारांतून जे यंत्र तयार झाले, त्याची शक्ती कोझिमोला लुक्काच्या युद्धकाळात उमगली असावी.

हे सारे कळू शकले ते कारकुनांच्या लेखणीमुळे. १४२७ च्या जमाबंदीत प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरातील माणसे, स्थावर, येणे आणि देणे लिहून द्यावे असा दंडक होता, आणि नगर व प्रांत मिळून सुमारे ६०,००० कुटुंबांची माहिती त्यात आली. पण आराखड्यातील प्रत्येक विवाहरेषा म्हणजे एक स्त्री, आणि रेषेला नाव मात्र दोन पुरुषकुळांचे, ही उणीव मला फार जाणवते. सुदैवाने एका स्त्रीची पत्रे उरली आहेत. आलेस्सांद्रा स्ट्रोत्सीचा पती १४३४ च्या हद्दपारीत गेला आणि परदेशीच वारला. १४४७ मध्ये तिने कन्या कातेरीनाचा विवाह मार्को पारेंती या रेशीम व्यापाऱ्याशी ठरवला, आणि परमुलखातील मुलाला लिहिताना हिशेब स्पष्ट केला. हुंडा हजार फ्लोरिन, पैकी अर्धी रक्कम नगराच्या हुंडायोजनेतून येणारी; आणखी चारपाचशे जोडता आले असते तर वरच्या दर्जाचे घर मिळाले असते. पदच्युत कुळाच्या मुलीची किंमत राजकारणाने कशी ठरवली होती, हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

तिचा पुत्र फिलिप्पो १४६६ मध्ये हद्दपारी उठल्यावर परत आला आणि त्याने कुळाचे वैभव पुन्हा उभे केले. १५०८ मध्ये आलेस्सांद्राच्या नातवाने क्लारीचे मेडिची हिच्याशी विवाह केला, त्या वेळी मात्र हद्दपार होते ते मेडिची; आणि राज्याच्या शत्रूंशी सोयरीक केली म्हणून गणराज्याने त्या तरुणाला दंड करून नगराबाहेर काढले.