गर्भातली संप्रेरके आणि भूकंपानंतरच्या भिंती

१/ "मुलींना नकाशा कळत नाही." नांदेड-लातूरकडे दहावीनंतर शाखा निवडताना हे वाक्य आजही कानी पडते. आता त्याला शास्त्राचा टेकू मिळाला आहे: म्हणे गर्भातली संप्रेरकेच तसे ठरवतात. या समजुतीचा इतिहास पाहू.

२/ १९५९ साली फिनिक्स, गॉय, जेरल आणि यंग या अमेरिकी संशोधकांनी गाभण गिनीपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. जन्मलेल्या माद्यांचे लैंगिक वर्तन प्रौढपणी काहीसे नरांसारखे दिसले. संप्रेरके गर्भातच मेंदू घडवतात, हा सिद्धान्त येथून रुजला.

३/ १९७१ मध्ये शेपर्ड व मेट्झलर यांनी घनाकृती मनात फिरवून पाहण्याची चाचणी मांडली. अशा चाचण्यांत पुरुषांची सरासरी पुढे असल्याचे नंतर वारंवार आढळले. १९८६ मध्ये, जन्मजात विकारामुळे गर्भात अधिक अँड्रोजन मिळालेल्या मुली अशा काही चाचण्यांत सरस ठरल्या. पुढील अभ्यासांत मात्र एकवाक्यता राहिली नाही.

४/ २०११ चा एक अभ्यास आपल्याच देशातला. ईशान्य भारतातील पितृवंशीय कार्बी समाजात पुरुषांनी कोडे लवकर जुळवले. शेजारच्या मातृवंशीय खासी समाजात स्त्री-पुरुषांत तसा फरक दिसला नाही.

५/ आता लातूर. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन करून निजलेली गावे मातीत जोडलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. हजारो माणसे गेली.

६/ लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत उभी राहिलेली घरे बळकट करायची होती. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहाय्यक' झाल्या. भूकंपरोधक बांधकाम त्या शिकल्या, घरोघरी समजावून सांगू लागल्या, कामावर देखरेख करू लागल्या.

७/ २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी गुजरातेत गेल्या आणि तिथल्या स्त्रियांना आपला अनुभव दिला.

८/ यामुळे संप्रेरकांचा सिद्धान्त खोटा ठरत नाही. गावातले काम ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. पण सरासरी समूहाची असते, समोरच्या मुलीची नव्हे. तिला काय जमते, हे संधी दिल्यावरच कळते. लातूरच्या स्त्रियांना ती संधी भिंती कोसळल्यावर मिळाली. पुढच्या मुलींनी तेवढी वाट का पाहावी?