आगगाडीने आलेली गोष्ट

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. दिवसाचे काम आटोपलेल्या माणसाला संध्याकाळी चार विचार ऐकावयास मिळावेत, ही त्यामागील दृष्टी होती. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत असेच दुसरे एक साधन उभे राहिले. ते म्हणजे करमणुकीची मासिके व साप्ताहिके. व्याख्यानमालेचा गौरव आपण नेहमी करतो. मासिकांतील गोष्टींचा विषय निघाला म्हणजे मात्र 'वेळ घालवण्याचे वाचन' एवढे म्हणून आपण पुढे जातो. हा न्याय बरोबर नाही, असे आम्हांस वाटते. निदान जालन्याच्या माणसाने तरी तो करू नये. आणि का करू नये, हे सांगण्याचा आजचा हेतू आहे.

प्रथम या गोष्टीचा जन्म कसा झाला ते पाहू. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढले. घरातील सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी, वाचावे असे ते पत्र होते. 'पण लक्षात कोण घेतो' ही त्यांची कादंबरी 'करमणुकी'तूनच क्रमशः आली. परंतु कादंबरीच्या शेजारी हरिभाऊ एक निराळी चीज देऊ लागले. ती म्हणजे 'स्फुट गोष्ट'. स्फुट म्हणजे सुटी. पुढे १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईत 'मनोरंजन' मासिक सुरू केले, आणि या प्रकाराला 'संपूर्ण गोष्ट' हे नाव रूढ झाले.

'संपूर्ण' या शब्दाचे आज हसू येईल. गोष्ट अपुरी कोण छापील? परंतु त्या काळच्या वाचकाला त्या शब्दाचा अर्थ नेमका कळत होता. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचा एक अंक चुकला की धागा तुटे. संपूर्ण गोष्ट त्याच अंकात सुरू होई आणि त्याच अंकात संपे. हातात एकच अंक पडला तरी वाचकाची फसगत होत नसे. टपालाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला ही सोय केवढी मोठी होती, हे पुणे-मुंबईकरांना कदाचित कळणार नाही.

आता त्या टोकाकडे, म्हणजे आपल्याकडे, येऊ. जालना जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. आणि १९४८ पर्यंत हे सारे निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा. तथापि १८८४ च्या सुमारास फारशीच्या जागी उर्दू आली ती दरबारची आणि कचेरीची भाषा म्हणून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. याचा अर्थ असा की, मराठी घरातील हुशार मुलाने अर्ज उर्दूत लिहावा, निकाल उर्दूत वाचावा आणि मराठी बोलावी ती घरात, बाजारात व देवळात. उर्दू ही समृद्ध भाषा आहे; तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्या भाषेत मनुष्य आईशी बोलतो, तिच्यात त्याला वाचावयास काही नसेल तर ती भाषा हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते.

अशा वेळी १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची आगगाडी सुरू झाली. मनमाडला मुंबईची गाडी सोडावी, लहान रुळांच्या गाडीत बसावे, आणि औरंगाबादवरून जालन्यास उतरावे. गाडी पुढे परतूर, सेलू, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेस जाई. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते येथील व्यापारामुळे. गाडीने कापूस बाहेर गेला, माल आत आला. आणि त्याच गाडीच्या टपालाच्या थैल्यांतून 'केसरी'बरोबर 'करमणूक' आणि 'मनोरंजन'ही आले. राज्याचे टपाल निराळे होते व त्याची तिकिटे राज्याबाहेर चालत नसत. नाणेही निराळे, हाली सिक्क्याचे. मुंबईस वर्गणी धाडावयाची तर कलदार रुपया जुळवावा लागे. इतकी खटपट करून मासिक मागवणारा मनुष्य केवळ वेळ घालवण्यासाठी ती करीत असेल, हे आम्हांस पटत नाही.

शिवाय अंक घेणारा एक असला तरी त्याचा उपयोग एकालाच होत नसे. १९०१ च्या शिरगणतीत निजामी राज्यात साक्षरांचे प्रमाण शंभरांत साधारण तीन होते, आणि स्त्रियांत तर हजारांत तीन-चार. अशा समाजात वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, हीच रीत असते. पोथी ऐकण्याची सवय असलेल्या मंडळींना एका बैठकीत संपणारी गोष्ट ऐकणे जड नव्हते. फरक इतकाच की, पोथीतील माणसे देव आणि राजे असत. येथे शेजारची सून, नापास झालेला मुलगा आणि कर्ज काढून लग्न करणारा बाप असे. आपल्या घरातील दुःख छापण्याच्या योग्यतेचे आहे, ही जाणीव या गोष्टींनी प्रथम दिली.

आणि त्या गोष्टी होत्या तरी कशा? खरे सांगावयाचे तर पुष्कळशा सामान्य होत्या. योगायोगाने भेटी होत, हरवलेली पत्रे नेमक्या वेळी सापडत, शेवटी बोधाचा एक परिच्छेद येई. 'मनोरंजन'चे लाडके लेखक विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी शेकड्यांनी गोष्टी लिहिल्या. बंगालीतील प्रभातकुमार मुखोपाध्याय यांची छाप त्यांच्यावर होती. गैरसमज, खेळकर संवाद, अखेरीस उलगडणारा पेच आणि लग्न, असा त्यांचा थाट. वाचक त्यांची वाट पाहत. १९०९ साली मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला आणि फराळाबरोबर गोष्ट वाचण्याची जी चाल पडली, ती आजही मोडलेली नाही.

परंतु जालन्याच्या वाचकाच्या दृष्टीने या साऱ्या वैभवात एक उणीव होती, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोष्ट आपल्याकडे आली होती. आपली गोष्ट मात्र तीत नव्हती. नायक पुण्यात शिके, मुंबईत नोकरी करी. दुष्काळावरची हरिभाऊंची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट सोडली, तर खेडे आणि कुणबी यांचे दर्शन दुर्मिळच. मोंढा, जिनिंग, तहसील कचेरीतील उर्दू, शेजारी नांदणारी मुसलमान कुटुंबे, जागीरदाराचा दरारा यांपैकी काही त्या पानांत शोधून सापडत नसे. आपला वाचक वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या अंगणातील गोष्टी वाचत राहिला.

मग या वाचनाने मिळविले काय? मिळविले ते हे की, वाचक घडला. आणि वाचकांच्या पिढीतून लेखक येतो. १९२२ साली 'मनोरंजन'मध्ये 'अंगणातला पोपट' ही एक निराळीच गोष्ट आली. लेखक दिवाकर कृष्ण केळकर, वय वीस. गुंतकल हे त्यांचे जन्मगाव आणि पुढे वकिली केली ती हैदराबादेत. त्यांच्या 'समाधि व इतर सहा गोष्टी' या १९२७ च्या पुस्तकाने गोष्टीचे तोंड बाहेरच्या घटनांकडून मनाच्या आतल्या हालचालींकडे वळविले. मराठी लघुकथेच्या वळणाचा हा दगड रोवणारा मनुष्य पुण्या-मुंबईचा नव्हता, हे आपण लक्षात ठेवावे.

आणि दुसरे नाव तर आपल्या रुळांवरचेच. परतूर सोडल्यावर काही वेळाने सातोना स्टेशन लागते. त्या सातोन्यात १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ, जन्मले. हैदराबादेस शिकले, परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि १९५३ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. कथा, कविता, कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांच्या लेखनात निजामी मुलखातील कारकून आला, गढीवरचा जमीनदार आला, उर्दूच्या रंगाची मराठी आली. दुसऱ्याच्या अंगणातील गोष्टी वाचून तयार झालेल्या प्रदेशाने अखेर स्वतःच्या अंगणाकडे पाहिले. सामान्य गोष्टींच्या त्या ढिगाखेरीज हे झाले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. खत शेतात दिसत नाही, पीक दिसते.

श्रोतेहो, 'करमणूक' १९१७ साली आणि 'मनोरंजन' १९३५ साली बंद पडले. त्यांचे अंक हलक्या कागदावर छापलेले. हात लावला की कडा तुटतात. आपल्या जिल्ह्यातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांत, असे अंक अजून असण्याचा संभव आहे. वाडा पाडताना ते रद्दीत जातात. त्यांच्या कोपऱ्यावर वर्गणीदाराचे नाव असते, कधी समासात एखाद्या आजीची पेन्सिलीची खूण असते. कोणत्या गोष्टीवर ती थांबली, हे सांगणारा दुसरा कागद जगात नाही. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत त्या अंकांच्या प्रती मिळतील. ही खूण तेथे मिळणार नाही. तेव्हा घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहावी, आणि काही सापडले तर ते गावच्या वाचनालयात नेऊन द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.