पक्षी अलीचा, नाव वॉलेसचे

सिंगापुरात १८६२ साली काढलेले एक छायाचित्र आहे. विशी-बाविशीतला एक मलय तरुण साहेबी कपडे घालून कॅमेऱ्यासमोर आला आहे. हे कपडे त्याच्या अंगवळणी पडलेले नाहीत, हे पाहताक्षणी कळते. ज्याने हे छायाचित्र पुढे १९०५ साली आपल्या आत्मचरित्रात छापले, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसनेही लिहून ठेवले आहे की हा पोशाख त्याला त्याच्या देशी पोशाखाइतका शोभत नव्हता. छायाचित्राखाली तरुणाचे नाव आहे, अली. नावाआधी 'बॉय' हा शब्द आहे. साहेबाच्या बंगल्यावरचा 'बॉय' म्हातारा झाला तरी 'बॉय'च राहतो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनच्या बरोबरीने, पण स्वतंत्रपणे मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून वॉलेसला जग ओळखते. बोर्निओपासून न्यू गिनीपर्यंतच्या बेटांवर आठ वर्षे त्याच्यासोबत कोण हिंडले, हे मात्र परवापरवापर्यंत कोणी फारसे विचारले नव्हते.

वॉलेस १८५४ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरला उतरला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. घरची श्रीमंती नव्हती. पक्षी, फुलपाखरे, भुंगेरे गोळा करायचे, लंडनच्या सॅम्युएल स्टीव्हन्स या दलालाकडे पाठवायचे आणि विक्रीच्या पैशांतून पुढचा प्रवास करायचा, असा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. शास्त्र त्याच धंद्यातून उभे राहिले. आठ वर्षांत सुमारे चौदा हजार मैलांचा प्रवास आणि सव्वा लाखाहून अधिक नमुने, असा हिशेब त्याने 'द मलय आर्किपेलागो' (१८६९) या ग्रंथाच्या सुरुवातीलाच दिला आहे. त्यांत पक्षी ८,०५०.

आठ हजार पक्षी एका माणसाच्या हाताने होत नाहीत. वर्षावनात जो कधी गेला असेल त्याला हे लगेच पटेल. तिथे पक्षी आधी ऐकू येतो आणि बहुतेक वेळा नुसताच ऐकू येतो. शे-सव्वाशे फूट उंच झाडे, वर पानांचे छत, खाली अर्धा अंधार, अंगाला जळवा. आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या. त्या काळी पक्षी 'पाहणे' म्हणजे तो बंदुकीने पाडणे. पाडल्यावर काम संपत नसे. उष्ण दमट हवेत काही तासांत मांस सडते. म्हणून कातडे पिसांसकट अलगद सोडवायचे, आतून सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा आणि मग ते वाळवताना राखण करायची. न्यू गिनीत डोरे इथे काळ्या मुंग्या वॉलेसच्या डोळ्यांदेखत टेबलावरचे किडे ओढून नेत आणि माश्या पक्ष्यांच्या पिसांत अंडी घालून ठेवत. दुसऱ्या दिवशी त्या अंड्यांच्या अळ्या झालेल्या असत. एक पिसू न मोडता कातडे सोडवणारा हात हीच त्या काळच्या पक्षिशास्त्राची खरी पुंजी होती. असा हात अलीचा होता.

अली त्याला १८५५ च्या अखेरीस सारावाकमध्ये मिळाला, तेव्हा तो पंधराएक वर्षांचा असावा. नेमणूक झाली स्वयंपाक आणि वरकाम करायला. शिवाय त्याच्याशी रोज बोलून आपली मलय भाषा सुधारावी, असाही वॉलेसचा हेतू होता. म्हणजे पुढे बेटाबेटांवर गावकऱ्यांशी, सुलतानांशी, नावाड्यांशी तो ज्या भाषेत बोलला, ती काही अंशी अलीच्या तोंडून शिकलेली होती. अली थोड्याच दिवसांत बंदूक चालवायला शिकला, मग कातडी सोडवायला, मग ती नीट भरून ठेवायला. नवे नोकर आले की त्यांना काम शिकवण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.

१८५६ साली दोघे बाली ओलांडून लोंबोकला गेले. दोन बेटांमध्ये जेमतेम पंधरा-वीस मैलांची खाडी. बालीत तांबट होते, लोंबोकला पोचल्यावर ते दिसेनात आणि काकाकुवा दिसू लागले. (आपला काकाकुवा हा शब्दही मूळ मलयच, 'काकातुआ'.) आशियाई पक्षी कुठे संपतात आणि ऑस्ट्रेलियाकडचे कुठे सुरू होतात, त्या सीमेला आज 'वॉलेस रेषा' म्हणतात. ती नकाशावर ओढली गेली ती जमवलेल्या पक्ष्यांच्या आधाराने, आणि लोंबोकमध्ये बंदूक घेऊन फिरणाऱ्यांत अली आणि मलाक्काचा मॅन्युएल हा पोर्तुगीज वंशाचा कारागीर हे दोघे होते. याच मुक्कामात राजाला भाताच्या पिकासाठी माणसांची मुंडकी हवी आहेत, अशी आवई उठली. घाबरलेला अली घरामागच्या विहिरीवर पाणी आणायलासुद्धा भलामोठा भाला घेऊन जाऊ लागला. वॉलेसने हे गमतीने लिहिले आहे. पण घरापासून शेकडो मैल दूर, सोळा वर्षांच्या पोराची ती भीती होती, हेही लक्षात घ्यायला हवे.

पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, अरू बेटांवर हाच पोरगा चांदीचे डॉलर घेऊन एकटा वानुम्बाई नावाच्या वस्तीत गेला. काम होते तिथल्या लोकांकडून स्वर्गीय पक्षी विकत घेऊन त्यांची कातडी तयार करण्याचे. तिथे तो हिवतापाने आडवा झाला. वस्तीतल्या लोकांनी त्याची काळजी घेतली, पैशांना हात लावला नाही आणि उरलेल्या डॉलरांसह त्याला परत आणून पोचवले. आजारपणातही त्याने सोळा पक्षी तयार केले होते.

१८५८ साल दोघांच्याही आयुष्यात मोठे ठरले. जानेवारीत ते तेर्नातेला आले. लवंगांच्या व्यापारावर भरभराटलेली ही जुनी सल्तनत तेव्हा डचांच्या अंमलाखाली होती. फेब्रुवारीत तापात पडल्या पडल्या वॉलेसला निसर्गनिवडीची कल्पना सुचली आणि तिच्यावरचा निबंध त्याने डार्विनकडे पाठवला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत तो डार्विनच्या लिखाणाबरोबर वाचला गेला. त्या दिवशी वॉलेस, अली आणि इतर सोबती दूर न्यू गिनीच्या किनाऱ्यावर आजारपण आणि पाऊस यांच्याशी झगडत होते. पाच-सहा दिवसांपूर्वीच त्यांच्यातला जुमात नावाचा सुमारे अठरा वर्षांचा मुलगा हगवणीने वारला होता. वॉलेस लिहितो की नोकर सगळे मुसलमान असल्यामुळे त्याने त्यांना आपल्या रीतीने दफन करू दिले आणि कफनासाठी नवे सुती कापड दिले. सगळा मजकूर दोन-तीन वाक्यांचा. मी हा ग्रंथ पहिल्यांदा वाचला तेव्हा इथे थांबलो. विज्ञानाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदलेल्या त्या आठवड्यात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, घरादारापासून लांब, हे मुसलमान नोकर आपल्या सोबत्याचा जनाजा उचलत होते. नमाज कोणी पढवली असेल? त्यांच्यात जुना आणि जाणता अलीच होता.

आता बातजानची गोष्ट. आजच्या नकाशात या बेटाचे नाव बाचान आहे. १८५८ च्या ऑक्टोबरात वॉलेस तिथे पोचला आणि काही दिवसांतच अली अरण्यातून परतला तो कमरेला पक्षी लटकवून, खुशीत. हा पाहा काय विचित्र पक्षी आहे, अशा अर्थाचे काही तरी बोलून त्याने एक पक्षी पुढे केला. अंग मातकट, छातीवर चमकदार हिरव्या पिसांची ढाल, तिची दोन टोके दोन्ही बाजूंना सुटलेली, आणि दोन्ही खांद्यांतून सरळ बाहेर आलेली लांब पांढरी पिसे. ही पिसे वॉलेसला समजेनात. तेव्हा अलीने सांगितले की पंख फडफडवताना पक्षी स्वतःच ती अशी उभारतो आणि आपण हात न लावता ती तशीच राहिली आहेत.

हे एक वाक्य मला त्या पक्ष्याहूनही मोलाचे वाटते. पक्षी पाडणारे पुष्कळ असतात. अलीने गोळी घालण्याआधी त्याच्याकडे पाहिले होते, तो काय करतो हे लक्षात ठेवले होते आणि साहेबाच्या शंकेला उत्तर म्हणून ते सांगितले. या पक्ष्याच्या वागण्याची जी पहिली शास्त्रीय नोंद आहे, ती या मुलाच्या डोळ्यांनी केलेली आहे. आज आपण ज्याला पक्षीनिरीक्षण म्हणतो ते याहून वेगळे नाही.

हा स्वर्गीय पक्ष्यांचा एक सर्वस्वी नवा प्रकार असल्याचे वॉलेसने ओळखले. १८५९ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे याने त्याचे बारसे केले, 'सेमिऑप्टेरा वॉलेसी'. पक्षी अलीने पाडला, नाव वॉलेसचे लागले. यात वॉलेसने काही लबाडी केली असे मी म्हणणार नाही. नाव त्याने दिले नव्हते, तो शिरस्ताच तसा होता. शिवाय अलीने पक्षी आणला ही हकिकत आपल्याला कळते तीच मुळी वॉलेसने प्रामाणिकपणे लिहून ठेवल्यामुळे. त्या काळच्या किती साहेबांनी आपल्या नोकराचे नाव तरी लिहिले? पण वॉलेसचा मोठेपणा कबूल केला म्हणून अलीचे देणे फिटत नाही.

१८६१ साली बुरू बेटावर एका नवरंगाने सगळ्यांना जेरीस आणले होते. मृगाच्या आधी कोकणात शीळ घालणारा आपला नवरंग, त्याच्याच कुळातला हा. दाट झुडपांत जमिनीवर टुणटुणत जायचा आणि बंदूक रोखेपर्यंत नाहीसा व्हायचा. मुक्काम हलवायची वेळ आली तरी तो हाती लागेना. अली आदल्या रात्री अरण्यातल्या एका झोपडीत जाऊन झोपला आणि फटफटताच त्याने असे दोन पक्षी मिळवले. ही जातही शास्त्राला नवी निघाली. तिला वॉलेसने तांबड्या मानेवरून नाव दिले. नोकरीत सांगितलेले काम करणारा माणूस अशी रात्र काढत नाही. अलीला या पक्ष्यांचा नाद लागला होता.

मध्यंतरी तेर्नातेत त्याचे लग्न झाले होते. १८६२ मध्ये सिंगापुरात निरोप घेताना वॉलेसने त्याला पैसे, आपल्या दोन दुनळी बंदुका, दारूगोळा आणि उरलेसुरले सामान दिले. तेव्हाच ते छायाचित्र निघाले.

पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १९०७ साली, थॉमस बार्बर हा तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नातेच्या रस्त्यावरून बायकोबरोबर आणि शिकाऱ्यांबरोबर चालला होता. बंदुका, जाळी, पिशव्या असा सगळा सरंजाम होता. विटलेली निळी टोपी घातलेल्या एका सुरकुतलेल्या म्हाताऱ्याने त्यांना अडवले आणि म्हणाला, मी अली वॉलेस. म्हाताऱ्याने ते सामान ओळखले असणार. बार्बरने त्याचे छायाचित्र काढून वॉलेसला पाठवले. वॉलेसचे उत्तर आले. अलीने आपल्याला जबर तापातून वाचवल्याची आठवण त्यात होती. ते पत्र बार्बरच्या हातून हरवले.

पक्ष्याला वॉलेसचे नाव लागले, आणि ज्याने तो पाडला त्यानेही उतारवयात तेच नाव लावून घेतले. ही लाचारी म्हणावी की अभिमान? मला तो हक्क वाटतो. तेर्नातेत तेव्हा अली नावाची माणसे गल्लोगल्ली असतील. त्या वर्षांत आपण कोण होतो, हे अनोळखी गोऱ्या माणसाला एका शब्दात सांगायचे तर दुसरे कोणते नाव होते त्याच्याकडे?

आपल्याकडे ईदच्या अंकांतून मुस्लिम शास्त्रज्ञांच्या योगदानावर लेख येतात. इब्न सीना, अल्‌ बेरुनी, अल्‌ हैसम. मीही लिहिले आहेत. त्या यादीत अलीला बसवण्याचा मोह होतो आणि तो टाळला पाहिजे. अलीने ग्रंथ लिहिला नाही, सिद्धांत मांडला नाही. तो हाताने काम करणारा माणूस होता. आणि आपल्या समाजात हाताने काम करणाऱ्यांची, जरी भरणाऱ्यांची, नावा बांधणाऱ्यांची, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या ग्रंथ लिहिणाऱ्यांपेक्षा नेहमीच फार मोठी राहिली आहे. त्यांचा इतिहास लिहिताना आपण मात्र सुलतानांपासून आणि विद्वानांपासूनच सुरुवात करतो. अलीकडे इतिहासकारांनी वॉलेसच्या वह्या-पत्रे चाळून त्याला मदत करणाऱ्या हजारावर माणसांचा माग काढला आहे. हे काम आपल्यापैकी कोणी केलेले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरे एक अली आपल्याला चांगले ठाऊक आहेत. खेतवाडीत वाढलेले सलीम अली. त्यांच्या पक्षीप्रेमाची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून झाली. ही चिमणी खाणे जायज आहे का, ही शंका त्या मुलाच्या मनात होती. तरुणपणी ब्रह्मदेशात ताव्हॉयच्या दाट अरण्यांत ते राहिले, नंतर बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले, किहीमच्या सुगरणींवर त्यांनी लिहिले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते, म्हणून त्या चिमणीसह मुलाला सोसायटीच्या दारात उभे राहता आले. २०१६ साली हिमालयातल्या एका नव्याने वेगळ्या ओळखलेल्या कस्तुरासारख्या पक्ष्याला 'झूथेरा सलीमअली' असे नाव मिळाले. दोघांच्याही नजरेत खोट नव्हती. एकाला मामा होता, शाळा होती, इंग्रजी होती.

बातजानचा तो पक्षी बाचान, कासिरुता आणि हाल्माहेरा या बेटांवर अजून आहे. हाल्माहेरात त्याच्यासाठी आणि इतरांसाठी २००४ साली अकेताजावे-लोलोबाता राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच बेटावर वेदा उपसागराच्या काठी निकेलच्या खाणी आणि कारखाने उभे राहून अरण्य तुटते आहे. आपल्या बॅटऱ्यांना निकेल लागते. इंडोनेशियात या पक्ष्याला 'बिदादारी' म्हणतात. शब्द मूळचा आपल्याकडचा, संस्कृत 'विद्याधरी'. तिथले मुसलमान जन्नतमधल्या हूरसाठीही हाच शब्द वापरतात. परदेशी पाहुण्यांना घेऊन गावातले वाटाडे फजरच्या सुमारास निघतात आणि अंधारात ठरलेल्या झाडाखाली उभे राहतात. उजाडू लागले की नर एकेक करून छताच्या वर झेपावतात आणि खांद्यांवरची पांढरी पिसे उभारून फडफडत खाली उतरतात, अलीने सांगितले होते तसेच.