मोहाच्या सड्याची कुळकथा

होळीची गाठी एका दिवसात चावून संपते. पळसाच्या फुलांचा रंग दोन आंघोळींत धुऊन जातो. पण भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चिखल्यासारख्या गावात पोरांसाठी वसंताची एक मजा पंधरा-वीस दिवस पुरते: पहाटे उठून मोहफुलं येचायला जाणं.

‘ऊठ बाबू, अस्वल खाऊन जाईल सारं!’ एवढ्या एका वाक्यावर शाळेसाठी न उठणारं पोरगं अंथरूण सोडतं. धाक खोटा नाही. अस्वलाला मोह फार आवडतो, म्हणून अंधारात कुणी एकटं जात नाही. आई, आजी, काकू, पोरंसोरं असं सगळं घर टोपल्या घेऊन निघतं. पुढे चालणारा मोठ्याने बोलत राहतो, म्हणजे जनावर असलंच तर वाट सोडून देतं. झाड दिसण्याआधी वास येतो: गोड, थोडा आंबूस, डोक्यात शिरणारा. आणि मग झाडाखाली फिक्कट पिवळ्या, रसरशीत फुलांचा सडा.

हा सडा पहाटेच का पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. मोह माघ-फाल्गुनात पानं झाडतो आणि उघड्या फांद्यांच्या टोकाला फुलांचे झुबके धरतो. फुलं रात्री उमलतात, कारण त्यांचे पाहुणे रात्रीचे. फळं खाणारी मोठी वटवाघळं येतात आणि त्यांच्यामुळे पराग इकडून तिकडे जातो. उजाडण्याच्या सुमारास मांसल पाकळ्यांचं ते बोंड झाडावरून निसटतं. मधली बारीक दांडी मात्र झाडावरच राहते, म्हणून खाली पडलेल्या फुलाला आरपार भोक असतं.

या भोकाने मला बरंच काही उलगडून दाखवलं. लहान मुली ही फुलं दोऱ्यात ओवतात, त्यासाठी सुईसुद्धा लागत नाही. निसर्गाने भोक पाडून दिलेला मणीच तो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त सातव्या सर्गात पार्वतीला लग्नासाठी सजवताना तिच्या केसांत दूर्वांसह पांढुरक्या मधूकफुलांची, म्हणजे मोहफुलांचीच, माळ बांधली आहे. ‘रघुवंशा’तल्या इंदुमतीच्या स्वयंवरातली माळही मधूकाचीच. राजकन्येच्या माळेला जाई-जुई सोडून मोह कसा, असं वाचकाला वाटेल. चिखल्याच्या पोरीला वाटणार नाही.

मधूक हेच मोहाचं जुनं संस्कृत नाव. मधु म्हणजे मध, त्यावरून ते आलं. प्राकृतात ‘ध’चा ‘ह’ झाला, वधूची वहू झाली तसा मधूकाचा महुअ झाला. हिंदीत तो महुआ राहिला, मराठीत आणखी आकसून मोह झाला. मनाला पडतो तो मोह वेगळ्या कुळातला, ‘मुह्’ धातूतून आलेला. दोन शब्द मराठीत येऊन योगायोगाने एकसारखे दिसू लागले. झाडाचं शास्त्रीय नाव ‘मधुका’ हेही त्या मधूकावरूनच घेतलेलं.

पण झाडाला नाव देणारे फक्त संस्कृत बोलणारेच नव्हते. गोंडीत त्याला इरुप म्हणतात. तेलुगूत इप्प, तमिळमध्ये इलुप्पै. हे शब्द एका घरातले सख्खे आहेत आणि मधूकाशी त्यांचं काहीही नातं नाही. म्हणजे ज्यांच्या पोटात हे फूल गेलं त्यांनी त्याचं नाव स्वतःच ठेवलं होतं. गोंडांमध्ये नवा मोह आधी देवापुढे ठेवायचा आणि मगच आपण खायचा, ही रीत आहे. या परिसरात झाडीबोली, पोवारी आणि गोंडी शेजारी शेजारी नांदतात. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, म्हणून मोहाच्या फळाला म्हणतात ती टोळी इथे टोरी होते. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या बियांचं तेल काढतात. तुमसरच्या शेजारचा तालुका मोहाडी, त्याच तालुक्यात मोहगाव आहे. झाडाने नकाशावरही नाव उमटवलं आहे.

येचलेली फुलं अंगणात सारवलेल्या जागेवर वाळत पडतात. चार-पाच दिवसांत ती आक्रसून तांबूस, मनुकांसारखी होतात. मग आतले केसर चोळून काढायचे, तव्यावर फुलं भाजायची, तीळ किंवा जवस घालून कुटायची आणि लाडू वळायचे. पोरांचा वाटा इथे ठरलेला असतो, भाजताना जे हाताला लागेल ते. आजीची नजर चुकवून खाल्लेल्या त्या कोमट, चिकट घासाची गोडी विकतच्या साखरेला नाही, हे मी ठामपणे सांगतो.

हे केवळ लाडाचं खाणं नव्हतं. 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या कितीतरी घरांना मोहाने जगवलं. त्याच 1896 साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झालं. त्यातूनच पुढे 1962 मध्ये ‘मॉइल’ ही कंपनी झाली, आज चिखल्याची मँगनीज खाण चालवते ती. भूगर्भशास्त्रज्ञांनी या मातीखालच्या काळ्या खनिजाची बारकाईने मोजदाद केली. मातीवर रोज पहाटे पडणाऱ्या अन्नाची तशी मोजदाद सहसा कुणी केली नाही.

सरकारने फुलाकडे पाहिलं, पण बाटलीच्या बाजूने. मुंबई इलाख्यात 1892 साली ‘म्हौरा कायदा’ झाला. ठाणे-कुलाब्याकडे घरात मोहफुलं बाळगण्यावर त्याने बंधन आणलं, कारण घरची दारू बंद झाली तर परवान्याची खपणार होती. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात असल्याने तो इथे लागू नव्हता. पण 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर आणि 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर मोहफूल साठवणं-विकणं इथेही परवान्याच्या कचाट्यात सापडलं. ते जोखड राज्य सरकारने 2021 साली सैल केलं. दारू मोहाची होते हे खरंच आहे आणि तिने घरं मोडलेलीही आहेत. पण एका वापरासाठी सगळ्या फुलाला संशयित ठरवणं अन्याय होता, आणि तो फार काळ चालला.

आता धोका वेगळ्या दिशेने आहे. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची सवय जुनी आहे. त्या आगीत उगवलेली रोपं जळतात, कधी वणवा जंगलात शिरतो. शेता-बांधावर उभे असलेले मोह आजोबा-पणजोबांच्या काळातले आहेत. नवं झाड फुलायला दहा-एक वर्षं लागतात, म्हणून लावायला हात पुढे येत नाही. काही गावांत लोक पाला न जाळता झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरतात. फुलं स्वच्छ मिळतात आणि खालचं रोपही वाचतं.

चिखल्यात, मोहाडीत, जिथे कुठे तुमच्या बांधावर मोह असेल तिथे यंदा काडी लावू नका. झाडून घ्या, लुगडं अंथरा, आणि मुळाशी एखादं रोप दिसलं तर त्याला काट्यांचं कुंपण करा. येचायला जाल तेव्हा पोरांना सोबत न्या.