‘एस्पोझितो’ : एका इटालियन आडनांवाची उत्पत्ति व प्रसार

आडनांव एक म्हणजे मूळपुरुषहि एक, अशी समजूत कुलवृत्तान्त लिहिणारांत वारंवार आढळते. ती किती फसवी आहे, हें इटलींतील ‘एस्पोझितो’ या आडनांवावरून चांगलें कळतें.

नेपल्स शहर व भोंवतालचा प्रदेश यांत हें आडनांव फार आढळतें. त्याचें मूळ लॅटिन ‘एक्स्पोझितुस्’, म्हणजे बाहेर ठेवलेला. संस्कृतांत ‘बहिर्न्यस्त’ म्हणतां येईल. आईबापांनीं टाकिलेल्या मुलांस हें नांव देत. नेपल्स येथील ‘अनुन्त्सियाता’ या धर्मसंस्थेच्या भिंतींत एक फिरतें लाकडी चक्र असे. रस्त्यावरून त्यांत मूल ठेवून तें फिरविलें कीं मूल आंत जाई, व ठेवणाराचें तोंड आंतल्या कोणास दिसत नसे. हें चक्र १८७५ सालीं बंद झालें. तेथील मुलांस लोक ‘मादोन्नाचीं लेंकरें’ म्हणत. परंतु वहींत चढलेलें ‘एस्पोझितो’ त्यांस जन्मभर चिकटे, व पुढें त्यांच्या वंशजांसहि. नेपल्सचा राजा म्यूरा याच्या कारकीर्दींत (१८०८–१८१५) नव्या मुलांस हें नांव देण्याची मनाई झाली. पण तोंवर तें असंख्य घरांत रुजलें होतें.

इतर शहरांतहि हाच प्रकार दिसतो. रोमकडील ‘प्रोयेत्ती’ म्हणजे ‘फेंकलेले’. फ्लॉरेन्स येथें १४४५ सालीं उघडलेल्या अनाथगृहावरून ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे ‘निष्पाप’, हें आडनांव आलें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं दक्षिण इटलींतून लक्षावधि लोक अमेरिका खंडांत गेले. त्यांच्याबरोबर हें आडनांव न्यूयॉर्क व ब्वेनोस आयरेस येथें पोंचलें. इटलींत आघात ‘पो’ या अक्षरावर असतो. इंग्रजी बोलणारे तो ‘झि’वर देतात. उच्चार बदलला, अर्थहि मागें पडला, व त्याबरोबर नांवाचा डागहि फिका झाला.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत द्वादशविध पुत्रांमध्यें ‘अपविद्ध’ सांगितला आहे : मातापित्यांनीं टाकिलेला व दुसऱ्यानें पुत्र म्हणून स्वीकारलेला. तेथें स्वीकारणाराशीं नातें जुळतें. नेपल्सला टाकण्याची क्रियाच कुलनाम होऊन बसली.

तात्पर्य, दोन एस्पोझितो घराण्यांत रक्ताचा संबंध असेलच असें नाहीं. त्यांची वंशावळ बहुधा त्या चक्रापाशीं येऊन थांबते. वर्षानुवर्षें हजेरीपटावरील आडनांवें वाचीत आलेल्या आम्हांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं आडनांवावरून कुळ ठरविण्यापूर्वीं तें नांव कोणीं व कोणत्या प्रसंगीं दिलें, हें आधीं पाहावें.