स्वप्नातली जाग: रायपूरच्या वाटेवरचा एक इतिहास

१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात मुक्कामाला होते. त्यांनी कुटुंबालाही तिकडे बोलावून घेतलं. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे पोचली नव्हती. नागपूरपर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडी, असा तो प्रवास. त्या बैलगाडीत चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ होता, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. जंगलातल्या एका कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारं मधाचं प्रचंड पोळं त्याला दिसलं. मधमाश्यांच्या या राज्याची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, या विचारात तो असा बुडाला की बाहेरचं भानच हरपलं. भानावर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. स्वामी सारदानंदांच्या रामकृष्णचरित्रात हा प्रसंग आला आहे, आणि नरेंद्रनाथाची ही पहिली ध्यानावस्था होती असं चरित्रकार सांगतात.

रायपुरात दत्त मंडळी बुढापाऱ्यात राहिली. तिथलं ‘डे भवन’ त्यांचं त्या काळचं घर म्हणून शहर ओळखतं, आणि जवळचा बुढा तलाव आता विवेकानंद सरोवर झाला आहे. गावात योग्य शाळा नव्हती, म्हणून वडीलच मुलाचे शिक्षक झाले. घरी येणाऱ्या जाणत्या माणसांच्या चर्चेत मुलगा बसायचा, वाद घालायचा. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्याला परतलं.

याच मुलाला लहानपणापासून झोपेच्या वेळी एक अनुभव यायचा. डोळे मिटले की भुवयांच्या मधोमध प्रकाशाचा एक ठिपका दिसे. तो रंग बदलत मोठा होई, गोळ्यासारखा फुगे, मग फुटे आणि पांढऱ्या उजेडात सगळं अंग न्हाऊन निघे. त्या उजेडाकडे बघता बघता झोप लागायची. तो नीट दिसावा म्हणून नरेंद्र पालथा निजायचा. सगळ्यांनाच अशी झोप लागते अशी त्याची समजूत होती. मित्राला विचारल्यावर कळलं की तसं नाही. पुढे दक्षिणेश्वरी रामकृष्णांनी त्याला नेमकं हेच विचारलं: झोपताना उजेड दिसतो का? हो म्हटल्यावर ध्यानाची ओढ या मुलात जन्मजात आहे, याची खूण त्यांना पटली.

हे काही सजग स्वप्न नव्हे. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळणं, याला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. नरेंद्राचा उजेड हा जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावरचा अनुभव. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. झोप येते तेव्हा लक्षही मावळलंच पाहिजे का? आणि ते टिकवायचं असेल तर त्याचा सराव कधी करायचा, रात्री की दिवसा? या प्रश्नाची उत्तरं ज्यांनी शोधली त्यांच्यापैकी काहींच्या वाटा रायपूर आणि त्याच्या परिसरातून गेलेल्या आहेत.

सगळ्यात जुनी वाट रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीकाठच्या सिरपूरला सापडते. हे दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांचं श्रीपूर. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या दीर्घ कारकिर्दीत इथे शैव, वैष्णव आणि बौद्ध सगळेच नांदले. त्याची आई वासटा हिनं पतीच्या स्मरणार्थ उभारलेलं विटांचं लक्ष्मण मंदिर आजही उभं आहे. बौद्ध विहार मात्र मातीखाली गेले होते. १९५३ ते १९५६ या काळात सागर विद्यापीठातर्फे मराठी पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं आणि आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आला. गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला भव्य बुद्ध, मध्ये चौक आणि चौकाभोवती भिक्षूंच्या खोल्या.

त्या खोल्यांमध्ये राहणाऱ्यांना झोप हा दिनचर्येबाहेरचा भाग नव्हता. बौद्ध ग्रंथांनी भिक्षूसाठी रात्रीचे तीन प्रहर वाटून दिले आहेत. पहिल्या आणि शेवटच्या प्रहरात बसून किंवा चालत मन स्वच्छ करायचं. मधल्या प्रहरात उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, सिंहासारखं निजायचं. स्मृती जागी ठेवायची आणि कधी उठायचं ते मनाशी ठरवूनच डोळे मिटायचे. दिवसभर चालताना, वाकताना, चीवर पांघरताना, भिक्षापात्र उचलताना जी सावधता राखायची, तीच अंथरुणावर न्यायची. सिरपूरच्या भिक्षूंनी स्वप्नात जागं राहण्याचा अभ्यास केला, याचा लेखी पुरावा नाही. मात्र ज्या शिस्तीत ते वाढले त्याच शिस्तीच्या पोटी पुढे स्वप्नयोग जन्माला आला. अकराव्या शतकातल्या नारोपांच्या नावानं तिबेटात गेलेल्या सहा साधनांपैकी तो एक. त्याची तयारी दिवसा होते: समोर दिसणारं माणूस, घर, राग, लोभ हे सगळं स्वप्नवत आहे असं साधक पुन्हापुन्हा मनाशी घोकतो. ते घोकणं मुरलं की रात्रीच्या स्वप्नातही तेच वाक्य आपोआप मनात उमटतं, अशी त्यामागची धारणा.

मराठी परंपरेत स्वप्नाला मोठा मान आहे, पण तो वेगळ्या कारणानं. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात मिळाला आणि बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नातच झाला. हे दृष्टांत. स्वप्न तिथे देणारं असतं आणि माणूस घेणारा. समर्थ रामदासांचा रोख दुसरीकडे आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक स्वतंत्र समास आहे. झोपेनं घेरलेल्या माणसांचे आळस, जांभया, घोरणं, वेडंवाकडं पडणं हे सगळं त्यात समर्थांनी जवळून टिपलं आहे. इतरत्र हा ग्रंथ बोलण्यात, लिहिण्यात, व्यवहारात अखंड सावध राहण्याची शिकवण देतो.

हा दासबोध हिंदी वाचकांपर्यंत गेला तो रायपूरच्याच एका मराठी माणसामुळे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिक काढलं. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. सुटकेनंतरच्या मानसिक उलथापालथीत त्यांनी वर्ध्याजवळच्या हनुमानगढचा आश्रय घेतला आणि तिथे दासबोधाचा कसून अभ्यास केला. पुढे रायपुरात राहून त्यांनी दासबोध हिंदीत आणला. टिळकांचं गीतारहस्यही त्यांनीच हिंदीत नेलं. सप्र्यांनी स्वप्नांवर साधना सांगितलेली नाही. मात्र कोसळलेलं मन दिवसाच्या शिस्तीनं उभं करता येतं हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात करून दाखवलं, आणि त्या शिस्तीचा ग्रंथ छत्तीसगढच्या घराघरात जाईल अशा भाषेत ठेवला.

नरेंद्रनाथही या विषयाकडे परतला, तो विवेकानंद होऊन. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजयोग’मध्ये त्यांनी पतंजलीच्या सूत्रांवर भाष्य केलं. पहिल्या पादात मन स्थिर करण्याचे जे पर्याय येतात, त्यात स्वप्नात आणि झोपेत मिळालेल्या ज्ञानाचा आधार घेण्याचाही एक आहे. विवेकानंदांचा अर्थ असा: कधी स्वप्नात दिव्य दर्शन घडतं, जाग आल्यावरही त्याचा खोल ठसा उरतो, ते स्वप्न खरं मानून त्याचं ध्यान करावं. इथे प्रवास उलट दिशेचा आहे. तिबेटी साधक दिवसाची जाग रात्रीत नेतो, तर पतंजलीचा साधक रात्रीचं काही दिवसाच्या ध्यानात आणतो. झोप आणि जागेपण यांच्यामध्ये ये-जा करता येते, हे दोघांनाही मान्य आहे.

रायपूरचा पुढचा धागा १९५७ मधला. दूधाधारी मठाचे महंत वैष्णवदास यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्कृत महाविद्यालयात सागर विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम. ए. झालेला एक तरुण शिकवायला आला. चंद्रमोहन जैन हे त्याचं नाव. जग त्याला पुढे आचार्य रजनीश आणि मग ओशो म्हणून ओळखू लागलं. रायपुरातला मुक्काम थोडाच ठरला. १९५८ मध्ये ते जबलपूरला गेले.

१९७२ च्या ऑक्टोबरात मुंबईत त्यांनी ‘विज्ञानभैरव’ या काश्मिरी शैव ग्रंथावर प्रवचनमाला सुरू केली. या ग्रंथात ११२ धारणा आहेत. एका धारणेत लक्ष ठेवायचं ते नेमक्या त्या सांध्यावर: बाहेरचं जग मावळलं आहे, झोप अजून आलेली नाही. बुढापाऱ्यातला मुलगा कुणी न शिकवता रोज रात्री ज्या जागी थांबायचा, तीच ही जागा. दुसऱ्या एका धारणेत स्वप्नावर सत्ता मिळते असं सांगितलं आहे. प्रवचनांत श्रोत्यांनी विचारलं, स्वप्नात भान कसं राहील? रजनीशांनी उत्तराचा भर दिवसावर ठेवला. रस्त्यानं चाला, जेवा, बोला आणि हे सारं स्वप्न आहे याची आठवण ठेवा, असा शंकराचार्यांच्या मायावादातून निघणारा एक मार्ग. गूढवादी गुरू गुरजिएफचा दुसरा: प्रत्येक कृतीत ‘मी आहे’ हे भान सोडायचं नाही. काही आठवडे हे नेटानं चाललं तर एखाद्या रात्री स्वप्नाच्या ऐन मध्यावर तीच आठवण येते आणि स्वप्न स्वप्न म्हणून दिसू लागतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत हा विषय प्रयोगशाळेत पोचत होता. डच डॉक्टर आणि लेखक फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी १९१३ मध्ये ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा रूढ केली होती, पण झोपेत भान असतं हे सिद्ध कसं करायचं? डोळ्यांची जलद हालचाल होते त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू निपचित असतात, डोळे मात्र फिरतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी १९७५ मध्ये याचाच उपयोग केला. झोपलेल्या ॲलन वर्सली यांनी स्वप्नात असताना आधी ठरलेल्या क्रमानं डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या संशोधकांनी स्वप्नात असलेल्या माणसांना प्रश्न विचारून डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालींतून उत्तरंही मिळवली.

दिवसाच्या सरावाला आधुनिक पद्धतीची बैठक दिली ती जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांनी. त्यांचा नियम साधा: दिवसातून अनेकदा थांबायचं आणि ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना?’ असं मनापासून विचारायचं. नुसतं विचारून भागत नाही, तपासायचंही असतं. नाक चिमटीत घट्ट धरून श्वास घेऊन पाहायचा. जागेपणी तो अडतो, स्वप्नात बहुधा चालूच राहतो. दुकानाची पाटी वाचायची, नजर वळवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा बदललेली असतात. ही तपासणी एकाच गोष्टीला बांधली तर सोपं जातं: रायपूरच्या जयस्तंभ चौकातला सिग्नल लाल झाला की एकदा, घराचा दरवाजा ओलांडला की एकदा.

पण एवढ्यानं काम होतं का? ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात नुसत्या दिवसाच्या तपासणीचा फारसा फायदा दिसला नाही. पाच तासांच्या झोपेनंतर उठणं आणि पुन्हा निजताना ‘आता स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करणं यांची जोड दिल्यावर आठवडाभरात यशाचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर गेलं. संकल्पानंतर पाच मिनिटांत झोप लागलेल्यांमध्ये ते ४६ टक्के होतं. उठायची वेळ मनाशी ठरवून निजणाऱ्या भिक्षूच्या नियमाशी हे किती जुळतं!

दुसरा अभ्यास विस्कॉन्सिनचा, २०१९ चा. बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांमध्ये सजग स्वप्नं इतरांपेक्षा जास्त आढळली. आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये मात्र तशी वाढ दिसली नाही. सिरपूरच्या विहारात, दासबोधाच्या पारायणात आणि ‘विज्ञानभैरव’च्या धारणांत जे समान आहे ते इथे आकड्यांत उतरतं. या मंडळींनी स्वप्न जिंकायला दिवसाची सावधता जोपासली नव्हती. सावधता हेच त्यांचं काम होतं, आणि ती इतका काळ चालली की झोपेतही शिरावी. 

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी उशाशी वही ठेवावी आणि जाग येताच, अंग न हलवता, आठवलेलं स्वप्न आधी मनात फिरवून मग लिहावं. आठवणीत न राहणाऱ्या स्वप्नात जागं झालं तरी सकाळी ते कळणार नाही. मध्यरात्री उठण्याचा प्रयोग सुट्टीच्या आदल्या रात्रीपुरता ठेवावा, कारण रोज तुटलेली झोप तब्येतीला महाग पडते. ज्यांना भास होतात किंवा खरं-खोटं यांची सरमिसळ होण्याचा त्रास आहे, त्यांनी ‘हे सारं स्वप्न आहे’ हा सराव डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. बाकीच्यांनी दिवसाची तपासणी नाकाच्या चिमटीवर न संपवता प्रत्येक वेळी दोन प्रश्न जोडावेत: मी इथे कसा आलो, आणि आत्ता माझ्या मनात काय चाललं आहे? स्वप्नात पहिल्या प्रश्नाला सहसा उत्तर सापडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग जागेपणीच होतो, त्या रात्री स्वप्न पडो वा न पडो.