सोनाराची फुंकणी आणि उकळणारा दगड

पुण्याभोवतीच्या दगडखाणींतून, नाशिक-जळगावकडच्या विहिरींतून आणि बोरघाटात रेल्वेसाठी फोडलेल्या कातळातून निघालेले पांढरे, गुलाबी, पिसाऱ्यासारखे स्फटिक आज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यांची नावं. कुळाचं नाव झिओलाइट, म्हणजे ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. सह्याद्रीत दगड उकळताना कुणी पाहिलेला नाही. मग हे नाव आलं कुठून? त्याचं उत्तर एका फुंकणीत आहे असं कळलं, आणि तेव्हापासून मला फुंकणीचा नादच लागला.

1756 साली आक्सेल फ्रेड्रिक क्रॉनस्टेट या स्वीडिश खाणतज्ज्ञाकडे दोन ठिकाणचे दगड होते. एक लॅपलँडमधल्या स्वापावारा इथल्या तांब्याच्या खाणीतला, दुसरा आइसलँडचा. त्यानं तुकडा ज्योतीपुढे धरला आणि फुंकणीनं ज्योत त्यावर वळवली. दगड फुगला, फसफसला. या खनिजाच्या रचनेत सूक्ष्म पिंजरे असतात, त्यांत पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते वाफ होऊन बाहेर पडतं, हे कळायला पुढे फार काळ जावा लागला. क्रॉनस्टेटनं जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं. त्याचा दगड स्टिलबाइट होता असंच सगळे मानत आले. 2007 मध्ये इटालियन संशोधकांनी प्रश्न पुन्हा उकरून काढला आणि तो मुख्यतः स्टेलराइट होता असा निष्कर्ष काढला. बारसं झाल्यावर अडीचशे वर्षांनी बाळ कोणतं ते ठरलं!

पण माझा प्रश्न दगडाचा नाही. खाणतज्ज्ञाच्या तोंडात फुंकणी आली कुठून?

फुंकणीला इंग्रजीत ब्लोपाइप म्हणतात. त्या नावाचे भाऊबंद आधी बाजूला करू. बोर्निओकडची शिकाऱ्यांची सुंपितान विषारी काडी फेकते. तिचा विस्तवाशी संबंध नाही. काच फुगवायची नळी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आली. तिच्यातला श्वास काचेच्या पोटात जातो. ब्लोपाइप नावाचं खांद्यावरून डागायचं ब्रिटिश क्षेपणास्त्रही आहे, आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात ते दोन्ही बाजूंनी वापरलं. यांपैकी कुणीच आपल्या कुळातलं नाही.

उरल्या दोन. चुलीची फुंकणी निखाऱ्याला वारा घालते. सक्काराच्या थडग्यांतल्या भिंतींवर चारएक हजार वर्षांपूर्वीचे इजिप्शियन कारागीर मुशीभोवती बसून लांब नळ्यांनी फुंकताना दिसतात, तीही हीच जात. सोनाराची बारीक, टोकाला वाकडी फुंकणी मात्र निखाऱ्याला हात लावत नाही. ती दिव्याची ज्योत आडवी करते, तिला टोक काढते, आणि साध्या तेलाच्या दिव्यातून चांदी वितळेल इतकी धग एका बिंदूवर आणते. शिवाय फुंक तुटून चालत नाही. सनईवाल्याप्रमाणे गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यावा लागतो.

इथे आपल्याकडचे अभिमानी लोक रसशास्त्र पुढे करतात. रसग्रंथांत 'वंकनाल' म्हणजे वाकडी नळी आहे, आणि 'रसार्णवा'त तांब्याची ज्योत निळी दिसते अशी निरीक्षणंही आहेत. मग धातुपरीक्षेची फुंकणी आपलीच की! मला हे पटत नाही. वंकनाल भट्टीत वारा घालते, म्हणजे ती चुलीच्या फुंकणीची बहीण. ज्योतीचे रंग पाहणं आणि ज्योतीला टोक काढून खड्याची परीक्षा करणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

दुसरा दावा जास्त बळकट आहे. योहान कुंकेल या जर्मन रसायनज्ञानं 1679 मध्ये इतर रसायनज्ञांना ज्योतीची ही नळी वापरण्याची शिफारस केली, आणि ती केली काचेवरच्या ग्रंथात. तेव्हा दिव्यावर मणी आणि नळ्या घडवणारे काचकारागीरच तिचे मूळ मालक, असं म्हणता येतं.

पण प्रयोगशाळेत नळी एकटी आली नाही. तिच्याबरोबर कोळशाचा तुकडा आला. त्यात खळगा कोरून खनिजाची पूड ठेवायची. आणि आला टाकणखार, म्हणजे सराफकट्ट्यावरची सवागी. नळी, कोळसा, सवागी, दिवा: हा डाख देणाऱ्या सोनाराचा अख्खा पाट आहे. काचवाल्याला दिव्यावर कोळसा कशाला हवा? डाखासाठी टाकणखार वापरायची रीत इटालियन सोनार चेल्लिनीच्या 1568 च्या सोनारकामावरच्या ग्रंथातही आहे. हा खार तिबेटातल्या तळ्यांतून हिंदुस्थानमार्गे व्हेनिसला जाऊन शुद्ध होई. युरोपातलं त्याचं 'टिंकल' हे नावही आपल्या टंकणाचंच. खनिजपरीक्षेसाठी फुंकणी प्रथम वापरल्याचं श्रेय आंतोन स्वाब या स्वीडिश खाणतज्ज्ञाला देतात, साल 1738. त्यानं किंवा त्याच्या आधी कुणीतरी एखाद्या सोनाराशेजारी बसून हा पाट उचलला, असा माझा तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही.

एवढं मात्र कबूल की खनिजाची पूड घालून वितळवलेला टाकणखाराचा मणी ही काचच असते. कोबाल्टनं तो निळा होतो. मँगनीजनं ज्योतीच्या बाहेरच्या टोकात जांभळा होतो आणि आतल्या भागात पुन्हा बिनरंगी. रंगांची ही ओळख काचवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. तेव्हा अवजारं सोनाराची आणि नजर काचवाल्याची, असा निवाडा मी देतो.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. गान या स्वीडिश रसायनज्ञाला कागदाच्या राखेतूनही तांब्याचे कण काढता येत. त्याचाच देशबंधू बर्झेलियसनं 1820 मध्ये फुंकणीवर ग्रंथ लिहिला आणि 1822 मध्ये बोहेमियात कवी गटेपुढे प्रयोग करून दाखवले. बुन्सेनचा ज्वालक आणि वर्णपटदर्शक आल्यावर तिचा मान उतरला, तरी मणी परीक्षा महाविद्यालयांत टिकून राहिली.

झिओलाइटचं मात्र उलट झालं. तशाच रचनेचे पिंजरे आता कारखान्यात बनतात. ते कपडे धुण्याच्या पावडरीत आणि तेलशुद्धीकरणात आहेत. 2021 मध्ये कोविडच्या लाटेत घरोघरी आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्येही तेच होते. हवेतला नायट्रोजन धरून ठेवायचा आणि ऑक्सिजन पुढे सोडायचा, हे त्यांचं काम.

नैसर्गिक झिओलाइट पाहायचे तर सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात जा. फुंकणी पाहायची तर एखाद्या जुन्या सोनाराकडे जा, पण उशीर करू नका. गॅसच्या टॉर्चनं तिची जागा केव्हाच घेतली आहे.